तीन पायऱ्या आणि एक उंबरठा

घर सजवावे असे आमच्या मनात प्रथम आले ते स्वतःचे घर पाहून नव्हे, दुसऱ्याचे पाहून. बहुतेकांचे असेच होत असावे. मडगावला आमच्या एका आप्तांनी नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो आणि वहाणा काढून आत पाऊल टाकतो तो पायाखाली आमचेच प्रतिबिंब! फरशी कसली, आरसाच तो. परतताना फोंडा येईपर्यंत आम्ही बसमध्ये एक शब्द बोललो नाही. सौभाग्यवतींनी मन ओळखले. "फरश्या घालायच्या आहेत ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

आमचे घर फोंडा तालुक्यातील एका खेड्यात आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, समोर वसरी, वसरीत बसायला बांधीव सोपे; आत शिरले की चौकी, चौकीच्या मधोमध उघडे राजांगण आणि राजांगणात तुळशीवृंदावन. रस्त्याकडच्या दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदाने आहेत. काच दुर्मीळ होती त्या काळी गोव्यात हे अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवीत. त्यांतून येणारा उजेड डोळ्यांना कधी टोचत नाही. असे हे घर; पण आमच्या डोळ्यांत सलत होती ती चौकीतील तांबड्या सिमेंटची जमीन. तिला भेगा पडल्या होत्या, कोपरे उडाले होते. २०२१ च्या चवथीपूर्वी आम्ही तिच्यावर चकचकीत, दुधासारख्या पांढऱ्या फरश्या घालून घेतल्या.

त्या चवथीला घराची जी वाहवा झाली तिचे वर्णन काय करावे! माटोळीला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तवशी, रानातील फळे, सारे फरशीत उलटे लटकलेले दिसत होते. पाहुणे आधी देवाला नमस्कार करीत आणि मग वाकून फरशीकडे पाहत. फक्त आईने काही म्हटले नाही. त्या दिवसापासून ती भिंतीला हात लावून चालू लागली. आम्हाला वाटले, वय झाले.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या जुलैत, एके दिवशी पहाटे पाऊस नुसता कोसळत होता. राजांगणातले शिंतोडे चौकीभर उडाले होते. आई तुळशीला पाणी घालायला तांब्या घेऊन निघाली. आम्ही अंथरुणातच होतो. प्रथम तांब्या पडल्याचा आवाज आला, तो घरंगळत गेल्याचा आवाज आला, आणि मग काहीच ऐकू आले नाही.

खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली. डॉक्टरांनी कारण विचारले तेव्हा आम्ही "पाय घसरला" असे उत्तर दिले. खरे उत्तर 'आम्ही निवडलेल्या फरशीवरून पाय घसरला' असे होते; परंतु ते तेव्हा तोंडातून निघाले नाही. या पानावर ते प्रथमच लिहीत आहोत.

आई चाकांच्या खुर्चीवर घरी आली आणि ज्या घरात आम्ही लहानाचे मोठे झालो ते घर एकाएकी परके वाटू लागले. चालत्या माणसाला जे दिसत नाही ते चाकांना दिसते. एका रविवारी फीत घेऊन आम्ही मोजमाप केले. अंगणातून वसरीत येण्यास तीन पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंटिमीटर. वसरीतून चौकीत शिरताना फणसाच्या लाकडाचा उंबरठा, ११ सेंटिमीटर उंच. न्हाणीचे दार ६० सेंटिमीटर रुंद आणि खुर्ची ६५! चौकीतून राजांगणात उतरायला आणखी दोन पायऱ्या. वसरीलगतच्या खोलीत आईची खाट घातली होती. तेथून तुळस पुरी दहा पावलेही दूर नव्हती, पण मध्ये भिंत होती आणि तो उंबरठा होता. अंथरुणाला खिळलेल्या आईला ऐन पावसाळ्यात बाहेरचा पाऊस तेवढा ऐकू येई. एक दिवस ती म्हणाली, "म्हजी तुळस सुकता."

तुळस सुकत नव्हती. सौभाग्यवती तिची रोज निगा राखीत होत्या. पण तसे आईला सांगण्याचे धैर्य आम्हा दोघांपैकी कोणालाही झाले नाही.

आमचा पहिला उपाय हा आमच्या घाईचा नमुना होता. आम्ही दोन मीटर लांबीचा एक लोखंडी पत्रा पायऱ्यांवर टाकला. आईला खुर्चीत बसवून वर ढकलू लागलो. अर्ध्यावर गेलो आणि खुर्ची मागे येऊ लागली, खुर्चीबरोबर आम्हीही. शेजारी धावले नसते तर हा निबंध लिहिण्याची वेळ आली नसती. दुसऱ्या दिवशी शाळेत गणित शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर लिहिले : एकास बारा. उंची एक असेल तर उतरणीची लांबी बारा हवी. म्हणजे चढणाऱ्याची दमछाक होत नाही आणि उतरणाऱ्याचा तोल जात नाही. आमच्या पायऱ्यांची एकूण उंची ४८ सेंटिमीटर; तिला बाराने गुणा. विद्यार्थिमित्रहो, उत्तर ५७६ येते. जवळजवळ पावणेसहा मीटर! आणि आम्ही दोन मीटरांत काम भागवायला निघालो होतो.

पावणेसहा मीटर म्हणजे अर्धे अंगण. घरासमोर मालधक्क्यासारखे काहीतरी उभे राहणार, या कल्पनेनेच आमच्या अंगावर काटा आला. थोरल्या काकांचा विरोध उंबरठ्यापुरता होता : "उंबरठ्याला करवत लावू नका, ते लक्ष्मीचे स्थान आहे." काकांच्या म्हणण्याला निदान श्रद्धेचा आधार होता. आमच्या नाखुशीला तोही नव्हता. इतकी ऐटबाज वसरी, आणि तिच्या तोंडावर रुग्णालयाची कळा यायची, एवढेच आमचे दुःख होते.

हे दुःख थोडे ओसरले ते २०२३ च्या जानेवारीत. पणजीला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरला होता, तेथे आम्ही गेलो. चाकांच्या खुर्च्यांवरून माणसे आपापल्या तोऱ्यात फिरत होती, खरेदी करीत होती, भांडतही होती. कीव करावी असे त्यांत काही नव्हते. कीव कोणाची करायचीच असेल तर आमच्यासारख्या घरमालकांची करायला हवी, असे वाटून आम्ही घरी आलो आणि वाचायला बसलो.

त्या वाचनात अमेरिकेतील रोनाल्ड मेस या वास्तुतज्ज्ञाची ओळख झाली. वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाल्यावर पुढचे आयुष्य त्याने चाकांच्या खुर्चीवर काढले. अपंगांसाठी एक वेगळी वस्तू आणि धडधाकटांसाठी दुसरी, ही वाटणीच त्याला मान्य नव्हती. मुळातच अशी रचना करावी की ती होता होईल तो सर्वांना चालेल, हा त्याचा आग्रह; 'सर्वसमावेशक रचना' हे आज रूढ झालेले नाव त्याच्या इंग्रजी संज्ञेवरूनच आले. १९९७ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी या रचनेची सात तत्त्वे मांडली. फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या एका घराची हकिगत तर आम्ही सौभाग्यवतींना वाचूनच दाखवली. घराचा धनी अपघातानंतर चाकांच्या खुर्चीवर आला होता. त्याने वास्तुतज्ज्ञ रेम कूलहास यांना सांगितले की मला साधे घर नको, गुंतागुंतीचे हवे. कारण आता घर हेच माझे जग. १९९८ साली ते घर पुरे झाले. त्यात धन्याची अभ्यासिकाच तिन्ही मजल्यांतून वरखाली सरकते, आणि ती ज्या मजल्यावर थांबेल त्या मजल्याची जमीन पुरी होते. म्हणजे ज्याला जिना चढता येत नाही तोच त्या घराचा मध्यबिंदू!

आमच्याजवळ एवढा पैसा नाही. पण मध्यबिंदू बदलायला पैसा लागत नाही, हे सौभाग्यवतींनी लगेच दाखवून दिले. उंबरठ्याचा पेच त्यांनीच सोडवला. "कापायचा कशाला? भुईत उतरवू या," असे त्या म्हणाल्या. आमच्या गावच्या मेस्तांनी ते फणसाचे लाकूड अखंड बाहेर काढले, खाली खाच खणली आणि जमिनीच्या सपाटीला आणून बसवले. लाकूड तेच, जागा तीच, त्यावरची रांगोळीही तीच; फक्त आता चाक त्यावरून अलगद जाते. काका बघायला आले, लाकडावरून हात फिरवला, हळदकुंकू वाहिले आणि चहा मागितला. दोन झडपांचे दार पुरे उघडले की खुर्चीला पुरेल इतके रुंद होते, त्याला हात लावावा लागला नाही.

उतरणीचे स्थान मात्र बदलले. समोर न घेता ती आम्ही वसरीच्या कडेने नेली. वसरीच्या टोकाचा कठडा काढला आणि चिऱ्यांची सव्वा मीटर रुंद उतरण बांधली. दोन्ही बाजूंना हाताला दांडा, कडेला चाक घसरू नये म्हणून उंच काठ, आणि काठाला लागून अबोलीची रांग. घराचे चिरे आणि तिचे चिरे एकच. नवखा माणूस ती पाहतो तेव्हा घराइतकीच जुनी समजतो. पायऱ्या जशाच्या तशा ठेवल्या. त्यांच्या कडांना रुंद पांढरा पट्टा ओढला, कारण म्हाताऱ्या डोळ्यांना पायरी कोठे संपते ते दिसत नाही. तो पट्टा दुरून रांगोळीच्या रेघेसारखा दिसतो.

न्हाणीविषयी थोडक्यात सांगतो. दार ९० सेंटिमीटर केले, बाहेर उघडणारे. आत कोणी पडले तर आतल्या बाजूला उघडणारे दार त्याच्याच अंगामुळे अडते. भिंतीला धरायचा दांडा बसवताना मेस्तांनी आम्हाला वाचवले. टॉवेल टांगण्याचा सुबक दांडा आम्ही पसंत केला होता. त्यावर त्यांनी नुसते जोराने रेलून दाखवले, तो हातात आला. चिरा मऊ, त्यात खिळा धरत नाही. शेवटी तेथला चिरा काढून काँक्रीट भरले आणि त्यात दांडा पक्का केला.

चौकीतल्या त्या दुधी फरश्या आम्ही स्वतः फोडल्या. मजूर होते, तरी पहिले काही घाव आम्ही घातले. त्यांच्या जागी खरबरीत शहाबादी लादी आली. निवडताना या वेळी नमुन्याच्या लादीवर पाणी ओतून अनवाणी चालून पाहिले. दुकानदार आश्चर्याने पाहत राहिला. तिच्यात प्रतिबिंब दिसत नाही.

आणि तुळस. राजांगणात उतरण घातली असती तर पावसात ती शेवाळली असती. म्हणून चौकीच्या पातळीवरूनच वृंदावनापर्यंत लाद्यांचा एक लहान पूल नेला, खालून पाणी वाहायला मोकळे. वृंदावनाशी खुर्ची वळवायला दीड मीटर लांबरुंद जागा लागते. तेवढा चौथरा केला. आम्ही हिशेब केला होता तो खुर्ची परत फिरवण्याचा. आईने त्या जागेचा वेगळाच उपयोग काढला. तुळशीभोवती फिरणे शक्य नव्हते, म्हणून पहिल्या दिवशी पाणी घातल्यावर तिने दोन्ही चाकांना हात घातला आणि जागच्या जागी, स्वतःभोवती, सावकाश एक प्रदक्षिणा पुरी केली. मग दुसरी. तिसऱ्या वेळी आम्हाला तेथे उभे राहवेना. आम्ही वसरीत आलो.

२०२३ च्या चवथीला एक गोष्ट घडली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या शाळेतील एक विद्यार्थी कुबड्या घेऊन चालतो. चवथीला मुले घरोघर माटोळी पाहत हिंडतात, तेव्हा तोही येई, आणि अंगणातूनच हात जोडून "येथूनच दर्शन घेतो, सर," म्हणे. सलग तीन वर्षे आम्ही तो त्याचा संकोच समजलो; एकदा तर वर्गात त्याच्या विनयाची स्तुतीही केली. त्या वर्षी तो अंगणात थांबला, उतरणीकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता दांड्याला धरून वर आला. चौकीत येऊन माटोळीखाली कितीतरी वेळ मान वर करून उभा राहिला. प्रत्येक फळाचे नाव त्याने विचारले. आईने खुर्चीत बसून सांगितले. पावसाने निसरड्या झालेल्या त्या तीन पायऱ्यांविषयी तो काही बोलला नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

आता त्या उतरणीवरून गॅसचे सिलिंडर चढते, शेजारणीची नातवंडे सायकली उतरवतात. गावातल्या दोन घरांनी मापे नेली आहेत; आमची फीत अजून परत आलेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात मात्र उतरण चार दिवस बंद होती. ऊन चांगले लागते म्हणून आईने तिच्यावर वरपासून खालपर्यंत सोलां वाळत घातली होती, आणि राखण करीत स्वतः वसरीच्या टोकाला खुर्ची लावून बसली होती. आम्हाला सक्त ताकीद होती की ये-जा पायऱ्यांवरून करावी.