बुडालेल्या दरीतून वासोट्याकडे

नॉर्वेतील फ्योर्डांची चित्रे पाहिली की सह्याद्रीच्या माणसाला सहज वाटते, असे काही आपल्याकडे का नसावे? हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत समुद्र शिरला, ते हे फ्योर्ड. त्यांतला सोग्नेफ्योर्ड तर २०० किलोमीटरांहून लांब आहे. आपल्या डोंगरांना हिमनदी ठाऊक नाही. तथापि दोहों अंगांस उभे डोंगर आणि मधून वळत गेलेले लांबच लांब पाणी, एवढाच देखावा हवा असेल तर परदेशी जाण्याचे कारण नाही. कंग्राळीहून निघावे, कोल्हापूर-कऱ्हाडवरून सातारा गाठावा आणि कासचे पठार ओलांडून बामणोलीस उतरावे.

समोर दिसतो तो शिवसागर. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस धावून हेळवाकपाशी पूर्वेस वळते. त्याच भागात १९६० च्या दशकात सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि मागची अरुंद दरी पन्नासेक किलोमीटरपर्यंत पाण्याने भरली.

वासोट्यास जाणाऱ्यांनी वनखात्याचा परवाना बामणोलीतच घ्यावा. हे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. साधी यांत्रिक नाव तास-दीड तास घेते. मुलांच्या हट्टापायी आम्ही वेगवान बोट घेतली. तुषार अंगावर झेलण्यात मजा आहे, नाही कसे म्हणावे? एकेक डोंगर बाजूला सरतो आणि मागून दुसरा, अधिक निळा, पुढे येतो. परंतु वेगात डोळ्यांना फक्त डोंगर दिसतात. पाणी दिसत नाही.

ते दिसले नावाड्याने यंत्र मंद केले तेव्हा. “आमच्या आज्याचं खळं या खाली हाय,” एवढेच तो म्हणाला.

आमच्याबरोबर आत्याबाई होत्या. त्यांचे माहेर हिडकल धरणात गेलेले. तिकडे उन्हाळ्यात पाणी ओसरले की हुन्नूरचे विठ्ठलमंदिर वर येते आणि लोक दर्शनाला धावतात. त्यांनी डोंगरांकडे पाहिलेही नाही. “गावातला देव कुठं नेला रे बाबा?”

“देव वर नेला, आजी. माणसं गेली ठाण्याला, सोलापूरला.”

आत्याबाईंनी बटव्यातील नाणे काढून पाण्यात सोडले. मुलेही मग गप्प बसली.

पुढे वासोट्याचा कडा दिसू लागला. १८१८ साली इंग्रजांनी शेजारच्या डोंगरावरून तोफा डागून हा गड घेतला. गडाची चढण दाट रानातून आहे. वयस्कर मंडळींनी खाली सावलीत थांबणे बरे.

एक योगायोग मात्र सांगण्याजोगा आहे. १९९९ साली या जलाशयाच्या तळाला आतून, बोगद्याच्या बाजूने छिद्र पाडून वीजनिर्मितीसाठी पाणी घेतले गेले. ती विद्या फ्योर्डांच्या नॉर्वेत वाढलेली. वीज करून हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस कोकणात उतरते. उरलेले कऱ्हाडास कृष्णेला मिळते, सांगलीवरून आपल्या बेळगाव जिल्ह्यात येते आणि पुढे बागलकोटकडे जाते. तिथे घटप्रभा कृष्णेला भेटते. हिडकलचे पाणी तिचेच, आणि कंग्राळीची मार्कंडेयही तिलाच मिळालेली.