फलकनुमाची चढण

छत्रपती संभाजीनगरहून रात्री अजिंठा एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी सिकंदराबादला उतरतो. तिथून फलकनुमाची लोकल मिळते. काचीगुडा, मलकपेट, याकूतपुरा अशी स्टेशनं घेत ती जुन्या शहराच्या पाठीमागून जाते. खिडकीतून गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात, मशिदींचे मिनार दिसतात, आणि मग फलाटावर फलकनुमा महालाचंच नाव लिहिलेलं स्टेशन येतं. स्टेशनाबाहेर मी रिक्षावाल्याला विचारलं, चालत जाता येईल का? तो म्हणाला, ‘पैदल नक्को साब, चढाव है.’ दख्खनीतलं हे ‘नक्को’ आपल्या ‘नको’चंच भावंड. मराठी माणसाला हैदराबादेत पहिल्या पाच मिनिटांत आपलेपणा वाटतो तो असा.

चढाव खराच होता. चारमिनारपासून सुमारे पाच किलोमीटर दक्षिणेला ‘कोह-ए-तूर’ नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर 32 एकरांत फलकनुमा पसरला आहे. नावाचा अर्थ आभाळाचा आरसा. आता तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. मुक्कामी पाहुण्यांना फाटकापासून घोड्यांच्या बग्गीतून वर नेतात. आमचं दुपारच्या चहाचं आरक्षण होतं, तेव्हा आम्ही साध्या गाडीने वर गेलो.

3 मार्च 1884 रोजी या महालाची पायाभरणी झाली. बांधणारे नवाब विकार-उल-उमरा हे पायगा घराण्यातले, सहाव्या निजामाचे म्हणजे महबूब अली खान यांचे मेहुणे आणि पुढे हैदराबाद संस्थानाचे दिवाण. मनमाड ते हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातला रेल्वेमार्ग त्यांच्याच दिवाणकीच्या काळात आकाराला आला. आदल्या रात्री ज्या वाटेने मी आलो तीही या महालाच्या मालकाच्या काळाशी अशी जोडलेली आहे, हे वर पोचल्यावर ध्यानात आलं.

आराखडा विल्यम वॉर्ड मॅरेट या इंग्रज वास्तुविशारदाचा. वरून पाहिलं तर महालाचा आकार विंचवाचा आहे. उत्तरेकडे पसरलेल्या दोन भुजा म्हणजे विंचवाच्या नांग्या, मधला मुख्य महाल म्हणजे धड, आणि मागे गोल बंगला, जनाना आणि अंतःपुराची दालनं. पाहुणा समोरून चालत येतो तो थेट या नांग्यांच्या मधे. दर्शनी भाग मात्र पूर्ण युरोपीय आहे. खांबांच्या जोड्यांचा व्हरांडा, इटालियन संगमरवर, त्रिकोणी शिखरपट्टी. दख्खनचा घुमट किंवा कमान समोरून कुठेही दिसत नाही.

बांधकाम जवळपास नऊ वर्षं चाललं. खर्च इतका वाढला की नवाबसाहेबांना कर्ज काढावं लागलं. मग त्यांच्या बेगमने, म्हणजे निजामाच्या बहिणीनेच, महाल निजामाला नजर करण्याची युक्ती सुचवली असं हैदराबादेत सांगतात. महबूब अली खान इथे पाहुणे म्हणून आले, महाल त्यांच्या मनात भरला, आणि 1897 च्या सुमारास तो त्यांच्याकडे गेला. पुढे तो संस्थानाचं शाही अतिथिगृह झाला. 1906 साली ब्रिटनचे युवराज, म्हणजे नंतरचे पाचवे जॉर्ज, इथे उतरले. 1922 मध्ये त्यांचे चिरंजीव युवराज एडवर्डही येऊन राहिले.

दिवाणखान्यातून वरच्या मजल्यावर जाणारा संगमरवरी जिना पाहताना पाय आपोआप थांबतात. कठड्यावर दिवे हातात धरलेल्या संगमरवरी मूर्ती आहेत आणि भिंतीवर ओळीने गव्हर्नर जनरल आणि व्हाइसरॉय यांची चित्रं. प्रत्येक पायरीवर एक इंग्रज साहेब आपल्याकडे बघत असतो. ग्रंथालयाचं लाकडी कोरीव छत इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातल्या ग्रंथालयाच्या धर्तीचं आहे.

पण मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो भोजनगृहात. तिथलं मेज 108 फूट लांब असून त्यावर 101 माणसं बसू शकतात. दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास आणि टोकाला यजमान. मी मनातल्या मनात हिशेब केला. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम दोन फूट येतात, लग्नाच्या पंगतीत पाटाला मिळते तेवढीच जागा. खुर्च्या मात्र शिसवीच्या, वर हिरवं कातडं. दालनाची रचना अशी, की एका टोकाला हळू आवाजात बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. आम्ही ते करून पाहिलं. सोबतच्या भाचीने शंभर फुटांवरून माझं नाव हळूच घेतलं, आणि ते कानाशी बोलल्यासारखं आलं.

या मेजावर बसून युरोपचे युवराज जेवत होते, तेव्हा तिकडे इस्तंबूलमध्येही एका टेकडीवर असाच पाहुणचार चालायचा. बॉस्फरसच्या काठी चढावर ‘यिल्दिझ’ हा ऑटोमन सुलतानांचा महाल आहे. यिल्दिझ म्हणजे तारा. सुलतान दुसरे अब्दुलहमीद समुद्रकाठचा दोल्माबाह्चे महाल सोडून या टेकडीवर राहायला गेले आणि तिथूनच त्यांनी तीस वर्षं साम्राज्य चालवलं. यिल्दिझ म्हणजे एकच एक इमारत नव्हे. ते बागांमध्ये विखुरलेल्या हवेल्यांचं आवार आहे. त्यातली ‘शाले’ नावाची हवेली स्वित्झर्लंडच्या डोंगराळ घरांच्या घाटाची. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म 1889 आणि 1898 मध्ये आला, तेव्हा त्याच्यासाठी ती वाढवली. शेवटच्या विस्ताराचं काम इटालियन वास्तुविशारद रायमोंदो दारोंको याने केलं.

तारा आणि आभाळाचा आरसा. दोन्ही टेकड्या एकाच काळात सजत होत्या, दोन्हींवर युरोपीय वास्तुविशारद राबत होते. युरोपच्या राजांना त्यांच्याच पद्धतीच्या घरात, पण आपल्या उंचीवर बोलावायचं, ही आस या दोन्ही दरबारांत मला सारखीच दिसते. हैदराबादच्या डोक्यावर इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि तुर्कस्तानच्या डोक्यावर युरोपचं कर्ज. अशा दिवसांत आपला मान दाखवायला उंच जागेवरचा महाल हेच साधन राज्यकर्त्यांच्या हाती उरलं होतं.

पुढे या दोन घराण्यांत खरीखुरी सोयरीक झाली. 3 मार्च 1924 रोजी, म्हणजे फलकनुमाच्या पायाभरणीला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, तुर्की संसदेने खिलाफत रद्द केली. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद हे सुलतान अब्दुलहमीद यांचे चुलतभाऊ. ते उत्तम चित्रकार होते. त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला आणि शेवटी ते फ्रान्समधल्या नीस शहरात राहू लागले. सातवे निजाम उस्मान अली खान त्यांना दरमहा 300 पौंड पाठवू लागले. 12 नोव्हेंबर 1931 रोजी नीसमध्येच दोन निकाह लागले. खलिफांची कन्या दुर्रुशहवार आणि निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह, आणि ऑटोमन घराण्याचीच निलोफर आणि धाकटे मुअज्जम जाह. दुर्रुशहवार 17 वर्षांची होती, निलोफर 15 वर्षांची.

दुर्रुशहवारचा जन्मही टेकडीवरचाच, इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या चाम्लिजा इथला. दहाव्या वर्षी तिचा देश सुटला, सतराव्या वर्षी ती हैदराबादची सून झाली. ती राहिली बेला व्हिस्टा या दुसऱ्या महालात, फलकनुमात नव्हे. तिच्या नावाचं बालरुग्णालय जुन्या शहरात आहे आणि निलोफरच्या नावाचं रुग्णालय रेड हिल्सला. हैदराबादची बायामाणसं आजही ही नावं रोज घेतात ती लेकरू आजारी पडलं की.

या सोयरिकीचा एक धागा आपल्याकडेही येतो. अब्दुलमजीद यांच्यासाठी म्हणून खुलताबादजवळ एक दगडी मकबरा बांधला गेला. 1944 मध्ये ते पॅरिसमध्ये वारले. लेकीने इस्तंबूलमध्ये दफनाची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. जवळजवळ दहा वर्षं पार्थिव पॅरिसच्या मशिदीत राहिलं आणि अखेर 1954 मध्ये मदिनेत दफन झालं. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. वेरूळला जाणाऱ्या किती जणांच्या वाटेत तो असतो, आणि किती जणांना त्याची गोष्ट ठाऊक असते!

मराठवाड्यातल्या माणसाला निजामाचा महाल निव्वळ कौतुकाने बघता येत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने रझाकारांचा जाच सोसला, आणि 17 सप्टेंबर 1948 ला आमचे पाच जिल्हे त्या राजवटीतून सुटले. या झुंबरांच्या उजेडात त्या रयतेचा शेतसाराही आहे. त्या मेजासमोर उभं राहून मला हे आठवलं, आणि आठवायलाच हवं.

संस्थान गेलं तसा फलकनुमा ओस पडला. 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद इथे राहून गेले, त्यानंतर कुणी मोठा पाहुणा आला नाही. महाल वारशाने दुर्रुशहवार आणि आझम जाह यांचे चिरंजीव मुकर्रम जाह यांच्याकडे आला. त्यांचं बरंचसं आयुष्य ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तानात गेलं. इथे दारं बंद आणि आत धूळ, अशी दशकं सरली.

ती दारं उघडली पुन्हा एका तुर्की सुनेने. मुकर्रम जाह यांच्या पहिल्या पत्नी एसरा या जन्माने तुर्की. 1959 मध्ये लग्न, पुढे घटस्फोट. तरीही नव्वदच्या दशकात त्या हैदराबादला परतल्या. आधी त्यांनी चारमिनारजवळचा चौमहल्ला महाल सावरला. फलकनुमा ताज समूहाला भाडेकराराने देण्यात आला आणि जीर्णोद्धाराचं काम दहा वर्षं एसरा यांच्या देखरेखीखाली चाललं. छतावरची चित्रं, झुंबरं, गालिचे, खुर्च्यांचं कातडं, एकेक वस्तू हाताळून पूर्वपदावर आणली गेली. नोव्हेंबर 2010 मध्ये साठ खोल्यांचं हॉटेल म्हणून फलकनुमा पुन्हा उघडला. नवाबाने तो नऊ वर्षांत उभारला, त्याला पुन्हा उभं करायला त्याहून जास्त काळ लागला. घटस्फोटानंतरही सासरच्या वास्तूसाठी एवढी वर्षं देणाऱ्या या बाईचं नाव मला विकार-उल-उमरांच्या नावाशेजारी ठेवावंसं वाटतं.

चहा संपवून आम्ही उत्तरेकडच्या कठड्याशी गेलो. सूर्य कलला होता. खाली फलकनुमा वस्ती, शाह अली बंडा, पुढे धुरकट उजेडात जुन्या शहराची छपरं, आणि त्यापलीकडे चारमिनार. चारमिनारलगत मक्का मशीद आहे. महबूब अली खान 1911 च्या ऑगस्टमध्ये इथे, याच टेकडीवर वारले आणि त्यांना मक्का मशिदीत नेऊन पुरलं. मुकर्रम जाह 14 जानेवारी 2023 रोजी इस्तंबूलमध्ये वारले. त्यांचं पार्थिव विमानाने हैदराबादला आणलं, लोकांना अखेरचं दर्शन घेता यावं म्हणून चौमहल्ल्यात ठेवलं, आणि त्याच मशिदीच्या आवारात दफन केलं.

मशिदीकडून मगरिबची अजान वर आली. भाचीने विचारलं, ‘मामा, ते इस्तंबूलचे नव्हते का? मग इथे का आणलं?’ मी तिला दूरवर मिनार दाखवले आणि आम्ही उतार चालतच उतरायला लागलो. खाली लोकल सुटायला वीस मिनिटं होती.