बाबा, मी आणि बिनआरशाचा कॅमेरा

तर मंडळी, आधीच सांगून ठेवते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून मॅडम मागे लागल्या तेव्हा विचार केला, की गेल्या चार महिन्यांत मी शुद्ध मराठीत सर्वात जास्त भांडले ते कशावरून? तर कॅमेऱ्यावरून. आणि तेही बाबांशी! तेच लिहिते.

होस्टेलवाल्यांना कामठी म्हणजे रविवारचा ड्रॅगन पॅलेस, आणि फार तर कन्हानचा पूल. मी तिथलीच, रोज ये-जा करणारी. आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, आणि लग्नसराईत लग्नं. बाबांनी रोलच्या जमान्यात काम सुरू केलं. एका रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे आधी विचार आणि मग बटण. २०१२ साली त्यांनी कॅननचा ६००डी घेतला. त्याच्यावरच माझी कॉन्व्हेंटची फी निघाली असं म्हणायला हरकत नाही. तो अजून चालतो, पण त्याचं रबर गुळगुळीत झालंय, आणि आता लग्नाचं बुकिंग करायला येणारे फोटोच्या आधी विचारतात, "रील देता का? मिररलेस आहे का?" नाही म्हटलं की चहा पिऊन निघून जातात. मागच्या सीझनला अशी तीन लग्नं गेली.

माझ्या नव्या लॅपटॉपसाठी ठेवलेले ७५ हजार रुपये होते. म्हटलं, लॅपटॉप अजून एक वर्ष ओढतो (फॅन विमानासारखा वाजतो, पण ओढतो), कॅमेरा घेऊ. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ठीक आहे, पण तूच निवड. इंजिनिअर तू आहेस." आता मेकॅनिकलच्या मुलीला कॅमेऱ्यातलं काय कळणार, हे त्यांना कोण सांगणार!

आधी थोडं लेक्चर, व्हायव्हाला आल्यासारखं ऐका. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा असतो. प्रकाश त्यावर आपटून वर जातो आणि आपल्या डोळ्याला दिसतो. बटण दाबलं की आरसा टक्कन वर उडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकला. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी-१ आला तिथून ही लाट सुरू झाली. आरसा गेला की त्याला उडायला लागणारी जागाही वाचते. कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत ४४ मिलिमीटर अंतर होतं, २०१८ च्या आरएफ माउंटमध्ये ते २० वर आलं. हे २४ मिलिमीटर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

बजेटमध्ये बसणारे दोन उरले. सोनीचा झेडव्ही-ई १० (२०२१ चा) आणि कॅननचा आर ५० (२०२३ चा). सोनीचा मार्क टू २०२४ मध्ये आला, पण तो आमच्या बजेटच्या बाहेर. माझं मत पहिल्या दिवसापासून सोनीला होतं, बाबांचं कॅननला. कागदावर दोघं भाऊ-भाऊच. दोन्हींत २४.२ मेगापिक्सेल, दोन्हींचे पडदे बाहेर वळणारे, आणि आतून हात स्थिर धरणारी सोय दोघांतही नाही. सोनीचा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, कॅननचा २२.३ गुणिले १४.९. गुणाकार करा, सोनी दहा टक्क्यांनी मोठा. सोबत मिळणारी लेन्स सोनीची एफ ३.५ पासून, कॅननची एफ ४.५ पासून. म्हणजे ४.५ भागिले ३.५, त्याचा वर्ग, साधारण १.६५. सोनीच्या लेन्समधून दीडपटीपेक्षा जास्त प्रकाश आत येतो. शिवाय सोनीला हेडफोनची जागा आहे, कॅननला फक्त माइकची. सोनी हवं तितकं सलग रेकॉर्ड करतो, कॅनन एका तासाला थांबतो (आणि आमच्याकडे स्वागताचं भाषणच कधीकधी तेवढं चालतं!). सोनीच्या माइकवर घालायला एक केसाळ टोपीही मिळते. ती बघून बाबा म्हणाले, "हे काय, उंदीर बसवलाय?"

मी हे सगळं तक्त्यात मांडून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता दोन्ही हातात दे."

होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका मैत्रिणीकडे झेडव्ही-ई १० आहे, तिचे आभार. आर ५० एका दिवसाच्या भाड्यानं सीताबर्डीहून आणला. एप्रिलचा रविवार होता. सकाळी साडेअकराला आम्ही दोघं ड्रॅगन पॅलेसच्या आवारात उभे. १९९९ पासून ती पांढरी इमारत तिथे आहे आणि एप्रिलच्या उन्हात तिच्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दिपतात.

सोनीला डोळा लावायची खिडकीच नाही, सगळं मागच्या पडद्यावर बघायचं. माझं काही अडलं नाही, आपण मोबाईलवर वाढलेली माणसं. बाबांनी पडदा जवळ नेला, लांब नेला, चष्म्याच्या खालच्या काचेतून बघायला मान वर केली, हातानं सावली केली. मग म्हणाले, "बेटा, मले यात माझाच चेहरा दिसून रायला." खरंच, त्या उन्हात पडद्याचा आरसा झाला होता! मी ब्राइटनेस पूर्ण वर नेला. थोडा फरक पडला, पण सावली करणारा हात काढायची सोय नव्हती, आणि फोटोग्राफरला दोनच हात असतात.

आर ५० ला खिडकी आहे, आणि तिच्या बाजूला डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं एक चिमुकलं चाक आहे. बाबांनी चष्मा काढला, चाक फिरवलं, डोळा लावला. आधी कुरकुरले, कारण आत खरं दृश्य नसतं, छोटा स्क्रीनच असतो. "मले माणूस पाहाचा आहे, माणसाचा टीव्ही नाही." मग समोर पांढऱ्या साडीतली एक बाई पायऱ्या चढत होती, तिच्याकडे त्यांनी कॅमेरा वळवला.

इथे जरा थांबते, कारण मला स्वतःला ही गोष्ट त्या दिवशी कळली. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग करड्या रंगाचं वाटतं. पांढरं समोर आलं की तो प्रकाश कमी करतो आणि साडी मळकी दिसते. आमच्या भागात बौद्ध पद्धतीची लग्नं पुष्कळ, नवरी पांढऱ्या साडीत. बाबा इतकी वर्षं मीटरचं न ऐकता अंदाजानं एक स्टॉप वाढवतात. रोलवर तर तो अंदाज बरोबर आला का, हे चार दिवसांनी लॅबमध्ये कळायचं. मिररलेसच्या खिडकीत ते फोटो काढायच्या आधीच दिसतं. बाबांनी चाक एक स्टॉप वर फिरवलं आणि साडी त्यांच्या डोळ्यासमोर पांढरी झाली. ते काही बोलले नाहीत. परत खाली नेलं, परत वर नेलं. पाच-सहा वेळा. मी बाजूला उभी राहून घाम पुसत होते.

दुसरी परीक्षा त्याच रात्री, मावसबहिणीच्या हळदीत. गल्लीत मंडप, वर एलईडीच्या माळा. इथे सोनीनं बाजी मारली. दीडपट प्रकाश खोटं बोलत नाही, माझे व्हिडिओ स्वच्छ आले, आवाज तर फारच छान. पण बाबांनी आर ५० वर भाड्यानंच आणलेला एक ॲडॉप्टर चढवला आणि त्यावर आमची जुनी ५० मिलिमीटर एफ १.८, प्लॅस्टिकची. ॲडॉप्टर म्हणजे काय, तर तेच २४ मिलिमीटर! आत काच नाही, पोकळ नळी आणि विजेचे संपर्क. त्या लेन्सनं एफ ४.५ च्या सहापट प्रकाश घेतला, आणि डोळा ओळखून फोकसही झाला. बाबांचा नियम होता मधल्या बिंदूवर फोकस धरायचा आणि मग चौकट सरकवायची. आता नवरीनं मान फिरवली तरी चौकोन तिच्या डोळ्यावरच चिकटून. "हे बेइमानी आहे," असं म्हणत हसत होते.

सोनीवरही कॅननच्या लेन्स बसतात, पण दुसऱ्या कंपन्यांच्या ॲडॉप्टरनं. तीन जुन्या लेन्स आणि त्यांचा भरवसा, हे माझ्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं.

कॅननची एक खोडही सांगते, म्हणजे पक्षपात नको. आर ५० च्या डोक्यावरची फ्लॅशची बैठक नव्या पद्धतीची आहे, जुना फ्लॅश थेट लावता येत नाही. एडी-ई १ नावाचा एक तुकडा वेगळा विकत घ्यावा लागतो. लग्नवाल्या माणसाला फ्लॅशशिवाय चालत नाही, म्हणजे हा खर्च धरूनच चालायचं. ६००डी च्या बॅटऱ्याही त्याला चालत नाहीत. आणि दोन्ही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय, वापरण्याचं तापमान ० ते ४० अंश. मे महिन्यात कामठीत ४० म्हणजे थंडगार सकाळ हो! कॅमेरा ओल्या रुमालाखाली ठेवायचा, हा बाबांचा तोडगा. तो मॅन्युअलमध्ये नाही.

घरी आल्यावर पुन्हा वाद झाला. मी म्हटलं, सोनीसाठी सिग्मा, टॅमरॉन अशा कितीतरी कंपन्यांच्या लेन्स वर्षानुवर्षं मिळताहेत. कॅननच्या या लहान सेन्सरवाल्या मिररलेससाठी सिग्मा २०२४ मध्ये कुठे आली. पुढची दहा वर्षं बघा ना, बाबा. ते म्हणाले, "पुढची दहा वर्षं कोण वापरणार आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, उत्तर होतं म्हणूनच गप्प बसले. पुढच्या वर्षी प्लेसमेंट झालं तर मी पुण्याला नाहीतर बंगलोरला असेन. कॅमेरा कामठीतच राहणार, दुपारच्या उन्हात, बाबांच्या उजव्या डोळ्याला. रील काढायला मी रविवारीसुद्धा येणार नाही. मग हेडफोनची जागा कोणासाठी?

आर ५० घेतला. दोन्ही ॲडॉप्टर धरून बजेट थोडं ओलांडलं, ते माझ्या ट्यूशनच्या पैशातून भागवलं. मेमध्ये चार लग्नं झाली. रील बाबा स्वतः कापायला शिकताहेत. अजून गाणं आणि चित्र यांचं जमत नाही, नवरदेव घोड्यावरून उतरतो तेव्हा भलतंच काहीतरी वाजत असतं. पण गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जात नाही.

राहता राहिला ६००डी. तो आता माझा. गॅदरिंगला घेऊन येतेय, होस्टेलवाल्यांनी हवे तेवढे फोटो काढून घ्यावेत. फक्त मेमरी कार्ड आपापलं आणा, आणि फोटो कसा आला हे विचारायला लगेच मागे धावू नका, आधी मला एक स्टॉप वाढवू द्या.