चौसष्टाव्या वर्षीचं देणं

2013 साली माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मला किडनी दिली तेव्हा ते 64 वर्षांचे होते आणि मी 33 वर्षांची. आयजीए नेफ्रोपथीनं माझ्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस आणि दिवसाकाठी मोजून लिटरभर पाणी, असं चाललं होतं. आईला मधुमेह, म्हणून ती बाद. नवऱ्याचा रक्तगट जुळेना. राहिले तात्या आणि 29 वर्षांचा माझा धाकटा भाऊ. एचएलए जुळणी दोघांचीही अर्धी-अर्धी आली. एकाची किडनी तरुण आणि दुसऱ्याची उतारवयातली, तेव्हा यात विचार करण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटलंच नाही. भावाची कामावर रजा टाकूनही झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "आधी वडिलांची घेऊ."

त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. चाळिशीनंतर त्या हळूहळू वण धरून बंद पडत जातात. माणूस ठणठणीत असतो, किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिनही ठीक येतं, पण आतली शिल्लक कमी झालेली असते. तरुण किडनी नव्या शरीरात गेली की जास्तीचा भार उचलते, वय झालेलीला तो तितका पेलत नाही. म्हणून साठीपुढच्या दात्याची किडनी सरासरीनं लवकर थकते. हे त्यांनी लपवलं नाही. पण मी तेहतिशीची. कुणाचीही किडनी बसवली तरी ती मला जन्मभर पुरेल याची खात्री नव्हती, पुढं दुसरी लागण्याची शक्यता दाट. तोवर तात्या पंचाहत्तरी गाठतील, त्यांची घेता येणार नाही. भाऊ मात्र तेव्हा चाळिशीतच असेल.

दुसरी गोष्ट त्यांनी दात्याच्या बाजूनं सांगितली, आणि ती मी कधी ऐकलीच नव्हती. 29 वर्षांच्या मुलाला पुढं मधुमेह होईल की बीपी, हे आज कुणीच सांगू शकत नाही आणि एका किडनीवर त्याला सगळं आयुष्य काढायचंय. 64 वर्षांच्या माणसाला यातलं काही झालेलं नसेल, तर त्याच्या शरीरानं बरीचशी परीक्षा आधीच दिलेली असते. तात्या उसात वाढलेले, चहाखेरीज व्यसन नाही. बीपी 120 वर 80.

डीटीपीए स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं मोजतात. तात्यांची डावी थोडी कमी भरली. नियम असा की जास्त चांगली किडनी दात्याकडंच ठेवायची. शिवाय डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी. हे ऐकून तात्या अस्वस्थ झाले. "पोरीला चांगली द्या की. बेणं काढताना आम्ही चांगला ऊस निवडतो, तुमचं उलटंच दिसतंय." डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "काका, तुम्ही इथून धडधाकट परत गेलात तरच हे ऑपरेशन यशस्वी." ऑपरेशनच्या परवानगीसाठी कॅमेऱ्यासमोर झालेल्या मुलाखतीत कुणाचा दबाव आहे का असं विचारलं, तेव्हाही तात्यांनी आधी ही डावी-उजवीची तक्रारच सांगितली.

ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले तेव्हा पलंगाच्या कडेला यूरोबॅग लटकत होती आणि भरत होती. डायलिसिस सुरू झाल्यापासून माझी लघवी जवळजवळ थांबली होती. नर्स दर तासाला पिशवी रिकामी करून मापात मोजायची आणि त्या हिशेबानं सलाइनचा वेग बदलायची. त्या पिवळ्या पाण्याकडं मी तासन्‌तास बघत होते. माझ्या जुन्या दोन किडन्या होत्या तिथंच ठेवल्या होत्या. तात्यांची उजव्या ओटीपोटात होती, हात ठेवला की कळायची.

क्रिएटिनिन 1.5 वर येऊन थांबलं. शेजारच्या खोलीतल्या मुलाला बहिणीनं किडनी दिली होती, त्याचं 0.9. मी फार घाबरले. डॉक्टर म्हणाले, "चौसष्ट वर्षांच्या किडनीचा हा आकडा आहे. तो आहे तिथं राहतोय ना, एवढंच बघायचं." टॅक्रोलिमसचा डोसही ते फार जपून ठरवायचे. त्या औषधाशिवाय शरीर किडनी नाकारतं, पण तेच औषध जास्त झालं तर किडनीला इजा करतं, आणि वय झालेली किडनी हा मार कमी सोसते.

पुढं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. युरोट्रान्सप्लांटनं 1999 साली 65 च्या पुढच्या मृत दात्यांच्या किडन्या 65 च्या पुढच्याच रुग्णांना, जवळच्या जवळ, कमीत कमी वेळात द्यायची योजना सुरू केली. वयाला वय जुळवायचं, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो, पण आमच्या घराला तो लावला असता तर तात्यांची किडनी मला मिळालीच नसती. तात्यांना मात्र मी बोस्टनच्या हेरिक जुळ्यांची गोष्ट सांगितली. 1954 साली, वयाच्या 23 व्या वर्षी, रोनाल्डनं रिचर्डला किडनी दिली. तिथून जगातल्या यशस्वी किडनी प्रत्यारोपणाला सुरुवात झाली. रोनाल्ड 79 वर्षांचा होऊन गेला. "आणि ज्याला दिली तो?" तात्यांनी लगेच विचारलं. रिचर्ड आठ वर्षं जगला. त्यानं लग्न केलं, मुलं झाली, आणि मूळचाच आजार नव्या किडनीत उलटला. किडनी तरुण होती, जुळ्या भावाची होती, तरीही. तात्या म्हणाले, "आठ वर्षांत पोरं बघितली त्यानं." माझ्या लेकीला त्यांनी त्या वेळी मांडीवर घेतलं होतं.

तात्यांच्या ऋणाबद्दल लोक मला नेहमी विचारतात. भावाबद्दल कुणी विचारत नाही. ज्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला थांबायला सांगितलं, त्याच आठवड्यात त्यानं तंबाखू सोडली. तेव्हापासून तो माझ्यासाठी स्वतःला जपतोय. दरवर्षी शुगर, बीपी, लघवीतलं प्रोटीन तपासतो. अंग दुखलं तरी पेनकिलर घेत नाही. भावजयीनं त्याचे रिपोर्ट वर्षवार लावून ठेवलेत, जेवणातलं मीठ कमी केलंय आणि एकदाही मला त्याबद्दल ऐकवलेलं नाही. लग्न होऊन घरात येताना तिला हे कुणी सांगितलंही नव्हतं. न दिलेल्या किडनीची एवढी राखण करणाऱ्या या दोघांचं मी काय देणं लागते, ते मला तात्यांच्या ऋणापेक्षाही अवघड वाटतं, कारण तात्यांचं देऊन झालंय, यांचं रोज चालू आहे.

आता माझं क्रिएटिनिन 2.4 आहे. पुन्हा डायलिसिसची वेळ येण्याआधीच दुसरं प्रत्यारोपण करता आलं तर बरं, असं डॉक्टरांचं मत आहे. पुढच्या महिन्यात भावाचा डीटीपीए आहे. तात्यांना ही घाई पटलेली नाही. त्यांची किडनी अजून चालतीय, हे डॉक्टरांना समोर बसून सांगायला ते स्वतः पुण्याला येणार आहेत.