रेन्वारचे कांदे

ऑग्युस्त रेन्वार १८८१च्या शरदात इटलीला गेला तो राफाएल पाहायला. चाळिशी गाठलेली, नाव होऊ लागलेलं, तरी आपलं रेखाटन कच्चं आहे ही बोच काही जात नव्हती. रोममध्ये राफाएल पाहिला, नेपल्सला पाँपेईची चित्रं पाहिली. असा माणूस भारावून एखादी मॅडोना रंगवायला घेईल. यानं नेपल्समध्ये रंगवले कांदे. सहा कांदे आणि लसणाच्या दोन गड्ड्या. खाली सहीसोबत गावाचं नाव आणि सालही घातलं.

खरं सांगायचं तर रेन्वारच्या गुलाबी गालांच्या बायका मला फारशा भावत नाहीत. पाक जरा जास्तच झालेला असतो. पण व्यक्तिचित्र म्हटलं की समोरच्याची मर्जी आली, नाक बिघडलं तर रुसवा आला. कांद्याची कसली आलीय तक्रार! शिवाय फ्रेंच अकादमीच्या उतरंडीत वस्तुचित्राची पायरी अगदी तळाची. तिथे हात मोकळा सुटतो.

आणि तो सुटलाय. चुरगळलेल्या कापडावर कांदे घरंगळत येऊन थांबल्यासारखे पडलेत. मागे भिंत म्हणावी तर तीही नाही, नुसते तिरके, भुरभुरते फटकारे. टरफल मात्र नीट बघा: तांबूस, मध्येच जांभळट झाक, उजेड पडतो तिथे लख्ख चमक. तेराव्या वर्षापासून हा पोरगा पॅरिसच्या कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढत होता. लकाकी कशी पकडायची, हे त्या हाताला तिथेच उमगलं असावं.

अमेरिकन संग्राहक स्टर्लिंग क्लार्कनं तीसहून अधिक रेन्वार जमवले. त्यात बायका होत्या, मुली होत्या, फुलं होती. त्याचा सर्वांत लाडका होता हा कांद्यांचा. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला, त्याच्याच नावाच्या संग्रहालयात तो आजही आहे.

आईला मी हे चित्र पुस्तकात दाखवलं. रंगांबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. चाळशी लावून म्हणाली, "माना छान वाळल्यात. टिकतील." आमच्याकडे साठवणीचा कांदा घेताना आधी मान बघतात, जाड, ओली मान म्हणजे कांदा सडलाच. मग तिनं लसणावर बोट ठेवलं. तो काही तिला पसंत पडला नाही. पाकळ्या बारीक निघतील म्हणे, सोलता सोलता जीव जाईल.