रेव्हरंड टिळकांची निवृत्ती

आम्हां सरकारी नोकरांखेरीज बदलीच्या हुकुमावर जगणारा आणखी एक वर्ग आहे. तो मेथॉडिस्ट पाद्र्यांचा. जॉन वेस्लीने अठराव्या शतकात इंग्लंडात पाडलेला शिरस्ता असा की, उपदेशकाने एका गावी फार काळ मुळे धरू नयेत. १८५६ साली विल्यम बटलर हिंदुस्थानात आले आणि बरेलीस त्यांनी ठाणे दिले. त्यांच्याबरोबर ही रीतही इकडे आली. वार्षिक परिषदेत बिशपने नेमणुका जाहीर करावयाच्या आणि पाद्र्याने बिऱ्हाड आवरावयास घ्यावयाचे! अशा पाद्र्याच्या निवृत्तीचा विचार मनात आला, की आम्हांस तो फार परका वाटत नाही. जन्मभर हुकुमाने हिंडलेल्या माणसाने, हुकूम थांबल्यावर कोठे जावे?

हा प्रश्न आम्हांस मुनिरक्यात अधिक टोचतो. येथल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, समोरच्या खिडकीतली फोडणी आमच्या खोलीत शिंकवते. घरमालक जाट, शेजारी ईशान्येकडचे विद्यार्थी आणि अधूनमधून एखादे मराठी बिऱ्हाड. शेजारच्या रामकृष्णपुरमातील कचेऱ्यांतून दुपारच्या डब्याबरोबर हल्ली एकच विषय वाटून खाल्ला जातो. तो म्हणजे निवृत्तिवेतन. १ जानेवारी २००४ नंतर नोकरीस लागलेल्या आम्हां मंडळींची जुनी पेन्शन गेली. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आली. पंचवीस वर्षे सेवा भरली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के मिळतील, असे तीत आश्वासन आहे. तिशीतली माणसे साठीचे हिशेब मांडतात! त्यात हसण्यासारखे काही नाही. घरी वाट पाहणारी माणसे असली, की हिशेब करावाच लागतो.

अशा वेळी आम्हांस आठवण होते ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ते मेथॉडिस्ट नव्हेत. त्यांचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचे. परंतु धर्मसेवकाची निवृत्ती कशी असू शकते, याचे मराठीतील ठळक उदाहरण तेच होय. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी त्यांचा जन्म झाला. १८९३ साली पोटासाठी राजनांदगावास जात असता, आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. परप्रांतीच्या नोकरीच्या वाटेवर माणसाला काय गवसेल, हे सांगता येत नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. अहमदनगरास त्यांनी शिकविले, 'ज्ञानोदया'चा मराठी भाग सांभाळला, भजने रचली, बालकवींसारख्या पोरसवदा कवीस घरात थारा दिला.

आणि १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात, त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले. परदेशी मिशनचे वेतन घेणारा उपदेशक देशबांधवांस चाकर वाटतो आणि त्याचा शब्द पगाराच्या तागडीत तोलला जातो, ही त्यांची व्यथा होती. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सारे ख्रिस्तशिष्य तेथे भाऊ म्हणून यावेत, ही कल्पना. आम्ही पगार चालू असता कामातून निवृत्त होण्याची स्वप्ने पाहतो. टिळक पगारातून निवृत्त झाले आणि काम तेवढे त्यांनी ठेवले. पुरती दोन वर्षेही त्यांस लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

येथवर वाचून कोणासही नमस्कार करावासा वाटेल. पण आम्ही कारकून. जमेच्या बाजूस आकडा दिसला, की खर्चाची बाजू पाहिल्यावाचून आमच्याने राहवत नाही. टिळकांच्या वैराग्याचा खर्च लक्ष्मीबाईंच्या खात्यावर पडत होता. नवऱ्याने घरातले उचलून दुसऱ्याच्या घरी द्यावे आणि बायकोने चूल कशी पेटवावी ते पाहावे, हा संसार 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हसत हसत सांगितला आहे. ते हसणे स्वस्त नव्हते. टिळकांमागे त्यांनी आपल्या पायांवर उभे राहून दिवस काढले. काही वर्षे, आपल्यासारख्याच, मराठी मुलखाबाहेर कराचीसही राहिल्या. १९०९ साली टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचा फार मोठा भाग याच बाईंनी रचला. १९३६ साली त्या वारल्या आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने नवऱ्याची अपुरी सेवा पुरी केली. तिला कोणत्या योजनेत बसवावे?

तेव्हा टिळकांचे अनुकरण करा, असे आम्ही कोणास सांगणार नाही. आम्हीही पर्यायपत्र भरले आणि वारसाच्या रकान्यात पत्नीचे नाव नीट अक्षरात लिहिले. मात्र एवढे मनाशी ठरविले आहे की, साठाव्या वर्षी हाती काय पडेल, याबरोबर हाती काय उरेल, हेही आजपासून पाहावे. पगार मिळाला नसता तरी आपण केलेच असते, असे एखादे काम प्रत्येकापाशी असावे. ते काम ज्याच्यापाशी आहे त्याची शेवटची बदली सुखाची होते. आणि त्याच्या घरच्या माणसांस त्याची झळ लागू नये, एवढ्यापुरती पेन्शन हवीच.