टाका ढिगावर

गंगाथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, रानात विहीर पाडत होतो. गोट्यांच्या थरातून हाडाच्या आकाराचा एक जड तुकडा निघाला. मजुरानं तो हातात घेऊन विचारलं, "मालक, हे काय?" मी न बघताच म्हणालो, "टाका ढिगावर." तो ढीग पुढं रस्त्याच्या भरावात गेला.

माझं मत तेव्हा पक्कं होतं. आपल्या घनसावंगी तालुक्यात काळी माती, मुरूम आणि खाली काळा पाषाण. तो लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात जिवाची खूण कुठून असणार? तसलं काही पाहायचं तर राजस्थानात जावं. गेलोही. जैसलमेरजवळ आकलला दगड झालेले वृक्ष पाहिले, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचे. आज जिथं सावलीला जागा नाही तिथं अरण्य होतं! त्या खोडांपुढं मी खरोखर हात जोडले. गावी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो, भाग्य लागतं अशा भूमीला.

मग एक नोंद वाचनात आली. भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी 1905 साली गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांवर लिहिलं होतं. ठिकाण नांदूर मधमेश्वर. म्हणजे आमचीच गंगा, फक्त वरच्या अंगाला. पैठणजवळच्या मुंगी गावातले हाडं सापडणारे थर तर त्याच्याही आधी, 19व्या शतकातच अभ्यासकांना ठाऊक होते. तिथं माणसानं घडवलेली गारगोटीची कपचीही मिळाली होती. आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं, चाळीसगावजवळच्या पाटण्याला, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली, त्यांतल्या एकावर माणसानं कोरलेली नक्षी! शहामृग म्हणजे कोरडा, उघडा माळ. आपल्या मुलखानंही ऋतू बदलताना पाहिले आहेत, नि त्याची दप्तरं नदीकाठी पुरलेली आहेत.

मी पाषाण तेवढा पाहिला. पाषाणावर नदीनं रचलेला, चुनखडीनं आवळलेला थर माझ्या लेखी फक्त खोदाईची अडचण होता.

तो तुकडा साधा गोटाही असेल. पण ते ठरवायची संधी मीच घालवली, याचं मला फार वाईट वाटतं. आता गंगाथडीला कुणाची विहीर सुरू झाली की मी सकाळीच जाऊन बसतो. पोकलेनवाल्याला हात जोडून सांगतो, काही वेगळं दिसलं तर थांब बाबा, आधी फोटो काढू, कुठल्या थरातून आलं ते लिहून ठेवू. मग ढिगाशी बसून एकेक गोटा उलटून पाहतो.